नक्शेवाले साहेब

राजवाड्याच्या चौकात उभं राहून "भाईसाहब, राजवाडा किधर है?" असं विचारणारा माणूस तुम्ही कधी बघितला आहे? मी बघितला आहे. नुसता बघितला नाही, त्याच्या हाताखाली नोकरी केली आहे.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याचं डोकं फिरलेलं दिसतं. एका तांगेवाल्याने त्यांना खालून वर बघितलं, मग तो सात मजली राजवाडा खालून वर बघितला, आणि म्हणाला, "सेठ, चश्मा बदलवा लो." एका म्हातारीने तर काही न बोलता त्यांचा दंड धरला आणि त्यांना वळवून राजवाड्यासमोर उभं केलं. साहेब दोघांवर सारखेच खूश. त्यांना राजवाडा नकोच होता. माणूस रस्ता कसा सांगतो ते हवं होतं. आधी हात उठतो की आधी मान वळते? "डावीकडे" म्हणतो की "पिंपळाकडे" म्हणतो? बायका वासाने सांगतात, असं ते म्हणायचे: जिलेबीचा वास आला की आत वळा. तांगेवाला घोडा पाणी पितो त्या जागेवरून सांगतो. मास्तर लोक उत्तर-दक्षिण सांगतात आणि हमखास चुकतात. हे सांगता सांगता ते स्वतःच कुठेतरी निघून जायचे. बसलेले असायचे खुर्चीतच, पण डोळे असे की हे आता सराफ्यातून वळून बजाजखान्यात पोचले असतील. मग आम्ही गप्प बसायचो, ते परत येईपर्यंत.

तेव्हा आमचं राज्य मध्य भारत होतं. आता कोणाला सांगितलं तर पोरं माझ्याकडे अशी बघतात, जशी मी पुराणातली जागा सांगते आहे. होळकरांचं राज्य गेलं, शिंद्यांचं गेलं, दोन्ही एकत्र बांधून हे नवीन राज्य झालं, आणि राजधानी कोणाकडे ह्यावर भांडण नको म्हणून तीही वाटून घेतली. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. उन्हं तापायला लागली की अख्खं सरकार फायली, टाइपरायटर, पाण्याचे माठ, सगळं घेऊन रेल्वेने आमच्याकडे यायचं, आणि पावसाळा सरला की परत. माहेरवाशिणीचं असतं तसं. येताना गडबड, जाताना गडबड, मधे आम्हाला फुरसत.

सरकारी दफ्तरांचे टेलिफोन एकमेकांना जोडायला एक बोर्ड होता, स्नेहलतागंजात एका जुन्या बंगल्याच्या मागच्या खोलीत. बोर्ड म्हणजे लाकडी कपाटच समजा, पण दारांच्या जागी नुसती भोकं, आणि प्रत्येक भोकावर एक इवलीशी पत्र्याची झडप. कोणी आपल्या दफ्तरात हँडल फिरवलं की इथे त्याची झडप टप्पकन खाली पडायची. आपण त्या भोकात प्लग घालायचा, "हलो, कौनसा दफ्तर?" विचारायचं, आणि तो मागेल त्याच्या भोकात दोरीचं दुसरं टोक घालायचं. काम एवढंच. पण भोकं सगळी सारखी आणि माणसं सगळी घाईत.

साहेब ह्या बोर्डाचे इन्चार्ज. नाव त्यांना होतं, चांगलं दरबारी आडनाव होतं, पण चपरासी रामसिंगजी त्यांना "नक्शेवाले साब" म्हणायचे, म्हणून सगळेच तसं म्हणायला लागले. उंच, बारीक, काळी टोपी, आणि कोटाचा उजवा खिसा कायम पांढरा, कारण त्यात खडू. कोणाचा हात चुकून कुठे गेला की साहेब तिथे जाऊन खडूने फुली मारायचे. बंगल्याच्या भिंती अशा फुल्यांनी भरलेल्या होत्या. दिव्याचं बटण उजवीकडे, तर डावीकडे ही फुल्यांची गर्दी. आमच्या खोलीचं दार बाहेर ओढायचं होतं, पण त्याला मूठ अशी बसवलेली की येणारा प्रत्येक जण ते ढकलायचा. मग साहेब आतून उठून जायचे, दार उघडायचे आणि हात जोडून म्हणायचे, "माफ करा हं, दाराची चूक आहे." एका ठेकेदाराला वाटलं हे आपली थट्टा करतायत, तो जाम भडकला. साहेबांनी त्याचीही माफी मागितली, पुन्हा दाराच्याच वतीने.

"चूक माणसाची नसते, बाई. जागेची असते." हे त्यांचं वेदवाक्य. आम्हा सगळ्यांना ते बाईच म्हणायचे, मी विशीतली होते तरी. आणि दुसरं, "डोळा बघत नाही, शोधतो. आणि शोधतो तिथेच, जिथे काल सापडलं होतं."

ह्या वेदवाक्याचा त्यांच्या घरी काय मान होता तेही सांगते. संक्रांतीला मी हळदीकुंकवाला त्यांच्याकडे गेले. साहेब स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाटावर बसून काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हातांकडे एकटक बघत होते. काकू म्हणाल्या, "बघा, बघा. पण डब्यांना हात लावाल तर याद राखा." मग माझ्याकडे वळून, "अगं, मागे ह्यांनी हळदीच्या जागी हिंग ठेवला आणि हिंगाच्या जागी हळद. म्हणे बघू तुझा हात कुठे जातो! हात कुठे जातो म्हणे! आमटी कुठे गेली ते विचार." साहेब लहान मुलासारखे हसले. "पण ती न बघता करते सगळं," मला म्हणाले, "तिच्या हाताला ते घर पाठ आहे." काकूंनी तोंड वळवलं, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी बघितलं ना.

आता मी ह्या माणसापर्यंत कशी पोचले ते.

माझे वडील दरबारात चोपदार होते. चांदीची काठी घेऊन ललकारी द्यायची, आणि दरबार उठला की सिंहासनाकडे तोंड ठेवून, पाठ न करता, उलट्या पावलांनी बाहेर यायचं. हे त्यांचं उभं आयुष्य. दरबारच राहिला नाही तेव्हा चांदीची काठी जमा झाली आणि वडील राजवाड्याच्या दक्षिणेला, हरसिद्धी मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत स्टुलावर येऊन बसले. पाठचे दोन भाऊ शाळेत. आईला दमा. घरात मिळवण्यासारखी मीच, मॅट्रिक झालेली. ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं, टेलिफोनवर मुली घेतायत.

साहेबांनी मला समोर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. "तुमचं घर कुठे आहे, बोट दाखवा." दाखवलं. डोळे उघडते तर बोट भलत्याच भिंतीकडे. मग म्हणाले, "उजवा हात वर करा." मी घास घेतल्यासारखं केलं आणि जो हात तोंडाशी आला तो वर केला. "हे काय?" "जेवते तो उजवा," मी म्हटलं. मला ते असंच कळतं. आजही. रस्ते तर मला मुळीच सापडत नाहीत, एकदा मावशीकडे निघाले ती परत घरीच आले आणि दार वाजवून "मावशी!" म्हणून हाका मारल्या.

मला वाटलं, गेली नोकरी. साहेबांचा चेहरा मात्र असा खुलला, जसं काही हरवलेलं सापडलं. "विमल आहे ना आमच्याकडे," ते म्हणाले, "तिला सगळं सापडतं. तिच्यासाठी बोर्ड करण्यात काय मोठेपणा? जिला काही सापडत नाही तिला सापडलं पाहिजे. या तुम्ही सोमवारपासून."

नोकरी कच्ची होती. सरकार उन्हाळ्यात परत येईल, ग्वाल्हेरचे बडे साहेब बोर्ड तपासतील, मग आम्हाला पक्कं करतील नाही तर घरी पाठवतील, असं सांगितलेलं. साहेबांचंही तसंच लटकलेलं होतं. दोन संस्थानांची माणसं एका राज्यात बसवायची, मग कोण वर कोण खाली ह्याची रोज नवी आवई. त्यांचं काम बड्या साहेबांना पसंत पडलं तर दोन्ही शहरांचे टेलिफोन त्यांच्याकडे येणार होते. नाही पडलं तर कुठे फेकतील देव जाणे. हे आम्हाला विमलने सांगितलं. साहेबांना त्यात रस असल्याचं कधी दिसलं नाही.

सरकार ग्वाल्हेरला गेलं आणि तो हिवाळा सुरू झाला. मला आता वाटतं तो हिवाळा मी झोपेतच काढला. झडप पडायची ती तासातून कधीतरी. खिडकीतून ऊन यायचं, बोर्डावरून हळूहळू सरकायचं. विमल लोकरीचं विणत बसायची, रामसिंगजी दाराशी डुलक्या घ्यायचे, आणि साहेब जमिनीवर बसून त्यांचा नक्शा करायचे.

त्यांनी बोर्डावरचे नंबर काढून टाकले आणि त्या जागी इंदूर आणलं. खरंच सांगते, अख्खं इंदूर. मधोमध राजवाडा. वर उत्तर, खाली दक्षिण. ज्या दफ्तराची जागा शहरात जिथे, त्याचं भोक बोर्डावर तिथे, नाव कुठेच लिहिलेलं नाही. मागच्या तारा एकेक सोडवून त्यांनी पुन्हा जोडल्या. जिथे दफ्तर नाही तिथली भोकं रिकामी ठेवली, ती मोकळी मैदानं. तुकोगंजात बारीक हिरवा रंग, बंगल्यांच्या झाडांचा. आणि वरपासून खालपर्यंत एक निळी वाकडी रेघ. ती खान नदी. कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ रेघ ओढताना साहेबांनी श्वास रोखून धरला होता, मला आठवतंय.

"नंबर पाठ करायचाच नाही," ते म्हणाले. "कोणी लालबागेचं दफ्तर मागितलं की मनातल्या मनात लालबागेला जायचं. हात मागून येईल."

आणि विमलचा हात जायचा हो! रेसिडेन्सी म्हटलं की रेसिडेन्सी, छावणी म्हटलं की छावणी, बघायलासुद्धा नको. ती म्हणायची, तिला चालल्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं. दुपारी त्या उन्हात नुसतं बोर्डाकडे बघत बसलं तरी आपण कुठल्याशा गल्लीतून चाललो आहोत, भिंतीला हात लावत, पुढे कोणाचा तरी रेडिओ लागलाय, असं काहीसं व्हायचं. इतकं सुंदर काम मी पुढे कधी बघितलं नाही. मात्र चालायचं ते भलतीकडेच. मी चुकायचे. सगळीकडे नाही, पण चुकायचे. फोन थोडे, त्यामुळे निभून जायचं. विमल कोपराने ढोसून सांगायची. साहेब काही बोलायचे नाहीत. वाटत असावं, सवयीने येईल.

सरकार आलं. चैत्रातल्या एका सकाळी बडे साहेब दोन इंजिनियर घेऊन खोलीत आले, अर्थात आधी दार ढकलून, आणि आमच्या साहेबांनी अर्थात दाराची माफी मागितली. बडे साहेब वाईट माणूस नव्हते. बोर्ड बघून ते जवळ आले. नदीवरून बोट फिरवलं. "वाह," म्हणाले, "ये तो पूरा शहर बिठा दिया आपने. चलिए, चलाके दिखाइए."

विमलने पदर खोचला आणि उठायला लागली. साहेब म्हणाले, "तुम्ही नाही, विमलबाई." आणि माझ्याकडे बघितलं.

 विमल त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, "साहेब, काय करताय? तिची नोकरी जाईल. तुमचंही…" साहेब तितक्याच हळू म्हणाले, "तुम्ही बसलात तर परीक्षा तुमची होईल. मला बोर्डाची करायची आहे."

बसले मी. न बसून सांगते कोणाला? पहिले दोन-चार बरोबर लागले. लालबाग लागली, छावणी लागली. मला धीर आला. मग शेजारच्या खोलीतून बड्या साहेबांनी स्वतः फोन उचलला आणि स्नेहलतागंजातले पाटबंधाऱ्याचे इंजिनियर मागितले. मी मनातल्या मनात स्नेहलतागंजात गेले, प्लग घातला, घंटा दिली. भिंतीपलीकडून बड्या साहेबांचा आवाज येत होता. "हलो, नहर का क्या हुआ?… कौनसी भैंस?… किसकी भैंस?" मी त्यांना सदर बाजारात जनावरांच्या दवाखान्यात जोडलं होतं.

त्याच्यापुढे जे लागलं ते एकेक ऐकण्यासारखं होतं. रामबाग मागितली की कोणी भलताच. एका इंजिनियरला हसू आवरेना. माझे डोळे भरले, मग तर भोकंच दिसेनात, आणि साहेब बाजूला खडू घेऊन उभे, माझा हात जाईल तिथे फुली मारतायत.

बडे साहेब आत आले. रागावले नाहीत. म्हणाले, "बोर्ड बढ़िया है. दोनों शहरों में यही लगेगा. इस लड़की की जगह कल से दूसरी रख लीजिए."

"नहीं साब," आमचे साहेब म्हणाले. "लड़की ठीक है. बोर्ड फेल हुआ है."

"एक लड़की के पीछे?"

"एक ही को तो बिठाया था साब."

 बडे साहेब टोपी घालता घालता म्हणाले, आठवडा घ्या, विचार करा, मग मला सांगा, बोर्ड की मुलगी. हे ते माझ्यासमोर म्हणाले. जशी मी खोलीतली एखादी खुर्चीच.

संध्याकाळी मी घरी आले तर पाठोपाठ साहेब दारात. आईने लगबगीने चहा टाकला. मी मेल्याहून मेले. वाटलं आता वडिलांना सांगणार. साहेब बसलेसुद्धा नाहीत. वडिलांना नमस्कार करून म्हणाले, "मला जरा स्टेशनचा रस्ता सांगता?"

मी कपाळावर हात मारला. वडिलांना मात्र त्यात वावगं काही वाटलं नाही. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांना काही विचारलं होतं. ते स्टुलावरून उठले, अंगरखा सारखा केला, राजवाडा जिकडे आहे तिकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "असे उभे राहा. आता उजव्या हाताला."

"आणि मी रामबागेत असलो तर?" रामबाग राजवाड्याच्या पलीकडे, उत्तरेला.

वडील जागच्या जागी पूर्ण फिरले, जसे खरंच रामबागेत गेले. पलीकडून राजवाड्याकडे तोंड केलं. "तर डाव्या हाताला."

"तिथूनही राजवाड्याकडेच तोंड?"

"मग? पाठ कशी करणार?" वडील म्हणाले. "आमच्याकडे लहानपणापासून तशीच शिकवण. शहरात कुठेही असा, दिशा सांगायची ती राजवाड्याला सामोरं होऊन."

"पण दरबार तर उठला, काका."

"दरबार उठला म्हणून दिशा उठतात का?"

साहेबांनी खाली वाकून वडिलांच्या पायांना हात लावला. मग माझ्याकडे बघितलं. मला ते डोळे विसरता येत नाहीत, इतका आनंद त्यात होता. "बाई, तुमच्या फुल्या सगळ्या राजवाड्याच्या वर आहेत. खाली एकही नाही. तुम्ही चुकत नव्हता. हरसिद्धीकडून राजवाड्याला सामोरं झालं तर माझा नक्शा आणि तुमचा नक्शा एक. पलीकडे गेलात की तुम्ही फिरून उभ्या राहता, डावं ते उजवं होतं, आणि माझा बोर्ड फिरत नाही." चहा न घेताच गेले. वडिलांनी आईला विचारलं, "कोण होते गं? फार मोठे घरंदाज वाटले."

मी रात्रभर विचार केला असं सांगायला हरकत नाही, पण खरं म्हणजे मला लगेच गाढ झोप लागली. एवढंच होतं तर! राजवाड्याच्या वर गेलं की उलटं करायचं. सकाळी मी विमलला म्हटलं, घे माझी परीक्षा. तिने रामबाग म्हटलं, रामबाग. सदर बाजार, सदर बाजार. स्नेहलतागंज म्हटलं तेव्हा मी डोळे मिटून प्लग लावला. चार-पाच दिवस आम्ही हेच केलं, आणि आठवड्याच्या आत माझा हात विमलसारखा चालायला लागला. आता मला ते शहर दिसत होतं हो, नदीसकट. आम्ही दोघी नाचायच्या बाकी होतो.

त्या सकाळी साहेब आले तशी मी धावतच गेले. "साहेब, मला येतं! बड्या साहेबांना बोलवा. बोर्ड पास, मी पास, तुम्ही पास!"

त्यांनी माझी परीक्षा घेतली. एकही चूक नाही. ते खूश झाले, पाठ थोपटली. मग कोट काढून खुंटीला अडकवला आणि पेचकस मागितला.

"साहेब, हे काय?"

"तुम्हाला आलं, बाई. मी तुमच्या वडिलांना भेटलो म्हणून आलं. पुढची येईल तिचं काय? तिचे वडील कुठे तोंड करून बसत असतील, मला काय माहीत?"

"तिचं ती बघेल! साहेब, तुमची जागा जाईल."

"हो, जाईल कदाचित."

मी त्यांच्यावर ओरडले. खरंच ओरडले, चपराशासमोर. म्हटलं, ही नदी तुम्ही काढलीत, श्वास रोखून काढलीत, आता ती तुम्ही पुसणार, आणि ती कोणासाठी, तर जी अजून जन्माला आली की नाही माहीत नाही तिच्यासाठी? तुम्हाला वेड लागलंय. साहेब शांतपणे ऐकत होते आणि पेच काढत होते. शेवटी म्हणाले, "छान होता ना पण?" "फार छान होता," मी म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं. मग मी त्यांच्या शेजारी बसून पेच गोळा करायला लागले. विमल मात्र बाहेर निघून गेली. तिला ते बघवेना.

नवीन बोर्ड त्यांनी लावला तो दिसायला अगदी गोधडी. एका खात्याची सगळी दफ्तरं शेजारी शेजारी, एका रंगात. पोलीस लाल, दवाखाने पिवळे, नहर-पाणी निळे. प्रत्येकावर ठसठशीत नाव. ज्याचे फोन जास्त ते हाताशी, ज्याचे कमी ते कडेला. डावं-उजवं, उत्तर-दक्षिण, राजवाडा, काही नाही. मला बसवायचे, माझ्या आईला बोलावून बसवलं, रामसिंगजींनाही बसवलं. कोणाचा हात चुकला की भोक हलवायचे. कोणाचाच चुकेना तेव्हा थांबले.

बड्या साहेबांनी तो बघितला. "ठीक है," म्हणाले, आणि घड्याळ बघितलं. त्यात "वाह" म्हणण्यासारखं काही नव्हतंच. मी पक्की झाले, विमल पक्की झाली. साहेबांना पावसाळ्यानंतर लांब एका तहसिलीच्या गावी पाठवलं, टेलिफोनचे खांब आणि तारेची भेंडोळी सांभाळायला. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. काकू ट्रंकेवर बसल्या होत्या. "डबे ह्यांनी भरलेत," मला म्हणाल्या, "आता मला जन्मात काही सापडायचं नाही." आणि तोंडाला पदर लावला. साहेब खिडकीतून फलाटावरची माणसं बघत होते, कोण कुठल्या डब्याकडे धावतंय ते. गाडी हलली तरी त्यांचं लक्ष तिकडेच. मी हात हलवला, तो त्यांना दिसला की नाही कोण जाणे.

मग मध्य भारतही गेला. राजधानी भोपाळला गेली, उन्हाळ्यातलं ते येणं-जाणं संपलं, विमल लग्न होऊन नागपूरला गेली. बोर्ड राहिला, मी राहिले. माझ्या पगारावर भाऊ शिकले, वडील सुखाने गेले. आणि एक दिवस विमलच्या जागी नवीन मुलगी आली. खरगोनकडची, इंदूर कधी न बघितलेली, लांब वेणीची. मी तिला सगळं नीट समजवावं म्हणून घसा साफ केला. काय सांगायचं ते मी किती दिवस मनात घोळवलं होतं. तेवढ्यात झडप पडली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. प्लग घातला, "हलो, कौनसा दफ्तर?" विचारलं, पिवळ्यातलं हवं ते नाव वाचलं आणि दुसरं टोक लावलं. मग दुसरी झडप, मग तिसरी. दुपारपर्यंत तिने एकदाही मला विचारलं नाही.

जेवायच्या सुट्टीत डबा उघडताना म्हणाली, "ताई, मला तर घरी किती घाबरवलं होतं, फार कठीण काम आहे म्हणून. ह्यात तर शिकण्यासारखं काही नाहीच. एकदम सोपं आहे."

मी घास तसाच ठेवून व्हरांड्यात गेले आणि खांबाला धरून रडले. ती बिचारी घाबरून मागे आली. "ताई, माझं काही चुकलं का?"

"नाही गं," मी म्हटलं. "काही चुकलं नाही तुझं."

साहेब तिथे असते तर तिचं ते बोलणं ऐकून केवढे खूश झाले असते. मी नाही झाले. मला त्या पोरीचा राग आला होता, आणि खरं सांगू, अजून येतो.